एसजीपीटी ६८, आणि त्याच कागदावरच्या बाकीच्या ओळी

वाचकांचे प्रश्न : या वेळी यकृताच्या रक्ततपासणीबद्दल

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. व्यापारी मंडळाने स्वस्तात तपासणी ठेवली म्हणून आमच्या ह्यांनी रक्त दिलं. वय ४६, उंची पाच फूट सहा इंच, वजन ८४ किलो. सुताचा व्यापार, दिवसभर गादीवर बसून. रिपोर्टमध्ये एसजीपीटी ६८ ठळक अक्षरांत आणि पुढे बाण, एसजीओटी ४१, त्यालाही बाण. हे दारूला शिवत नाहीत. तरी मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "लिव्हर काय उगाच खराब होतं होय?" सासूबाईंनी हळद, तेल आणि तूरडाळ बंद करून दोन वेळा गुळवेलीचा काढा सुरू केलाय. मेडिकलवाल्याने लिव्हरचं टॉनिक दिलंय. पंधरा दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये केलं तर एसजीपीटी ७४ आला. वाढतच चाललंय का? रिपोर्टचा फोटो जोडला आहे. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, फोटो पाठवलात ते बरं केलंत, पण तो अर्ध्याच पानाचा आहे. जिथे बाण संपतात तिथे फोटो संपतो! मिरजेत माझ्या लॅबच्या काउंटरवर एकतीस वर्षं हेच बघतेय. पाकीट फोडलं की माणसाचं बोट थेट ठळक आकड्यावर जातं आणि खालच्या ओळींकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. म्हणून तुमच्याकडून उरलेली पानं मागवून घेतली आणि मगच हे उत्तर लिहायला बसले.

आधी बाणाचं बघू. एसजीपीटी आणि एसजीओटी ही दोन विकरं, म्हणजे एन्झाइम्स. नव्या रिपोर्टांवर त्यांनाच एएलटी आणि एएसटी म्हणतात. ती पेशीच्या आत राबत असतात, रक्तात त्यांचं काही काम नाही. यकृताच्या पेशीला सूज आली, तिला धक्का लागला, ती फुटली, की ती बाहेर सांडतात. कागदाच्या माथ्यावर 'लिव्हर फंक्शन टेस्ट' असं भारदस्त नाव असतं खरं, पण हे दोन आकडे यकृताचं काम मोजत नाहीत, सांडलवंड मोजतात. किती सांडलं यावरून गोदामात माल किती उरला हे कळत नाही, हे सुताच्या व्यापाऱ्याला मी काय सांगायचं.

काम कुठे दिसतं? अल्ब्युमिन नावाचं प्रथिन यकृतच बनवतं. रक्त गोठवणारे बरेचसे घटकही तेच बनवतं, ते 'पीटी-आयएनआर' या वेगळ्या तपासणीत कळतं. आणि जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर तयार होणारं बिलिरुबिन पित्तातून बाहेर टाकायचं कामही त्याचंच. तुमच्या ह्यांचं अल्ब्युमिन ४.४ आणि बिलिरुबिन ०.८, दोन्ही उत्तम. तुमच्या फोटोत या दोन ओळी कापल्या गेल्या होत्या.

आता ६८ चे ७४. मी लॅब सुरू केली तेव्हा हा आकडा रंगावरून काढायचो. नळीत शेवटी कॉस्टिक सोडा घातला की तपकिरी रंग चढायचा, जितका गडद तितका आकडा मोठा. आताचं मशीन ३४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश नमुन्यातून सोडतं आणि त्याचं शोषण दर मिनिटाला किती कमी होतं ते बघतं. म्हणजे विकर किती आहे हे थेट मोजलं जात नाही, ते किती वेगाने काम करतंय हे मोजलं जातं. तापमान, रसायन, मशीन बदललं की वेग थोडा इकडेतिकडे होतो. शिवाय त्याच माणसाचा आकडा सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरा येऊ शकतो. दोन वेगळ्या लॅबमधले ६८ आणि ७४ मी एकच समजते. पुन्हा तपासायचं तर त्याच लॅबमध्ये, दोन-तीन महिन्यांनी. रोज उठून तपासण्यात अर्थ नाही. रक्तात सांडलेला एसजीपीटी निम्मा व्हायलाच जवळजवळ दोन दिवस लागतात.

आणि ४१ पुढचा बाण? त्या लॅबची वरची मर्यादा ४० छापलेली आहे. ही मर्यादा ठरते ती बऱ्याच निरोगी लोकांची रक्तं तपासून आणि त्यातली मधली ९५ टक्के घेऊन. म्हणजे ठणठणीत माणसांतले काही जण दर तपासणीत रेषेबाहेर पडणारच. सत्तर-ऐंशी तपासण्यांच्या पॅकेजमध्ये एकही बाण आला नाही तर मीच दोनदा बघते. एसजीपीटीच्या बाबतीत मात्र उलटी तक्रार आहे. ४०-५० ची छापील मर्यादा सैलच आहे असं अनेक यकृततज्ज्ञ मानतात. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये खऱ्या निरोगी पुरुषासाठी २९ ते ३३ आणि बाईसाठी १९ ते २५ ही वरची रेषा सुचवली. तेव्हा ४१ सोडून द्या, पण ६८ कडे लक्ष द्यायला हवं. घाबरायला नको.

जाऊबाईंना काय सांगायचं तेही कागदावरच आहे. दारूने यकृत सुजतं तेव्हा बहुधा एसजीओटी हा एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असतो. तुमच्याकडे उलटं आहे, एसजीपीटी मोठा. हा नमुना बहुतेक वेळा यकृतात साठलेल्या चरबीचा असतो. (आकड्यांवरून कुणी दारू पितो की नाही हे शपथेवर सांगता येत नाही, पण शपथ घ्यायची वेळ जाऊबाईंवर आहे, तुमच्यावर नाही.)

थोडं विषयांतर करते. मटणवाल्याकडे 'काळीज' मागितलं की तो लिव्हर तोलून देतो आणि कवितेत मात्र तेच काळीज धडधडतं, तुटतं. आपल्या भाषेने यकृत आणि हृदय यांचा जो घोळ घातलाय, तोच एसजीओटीनेही घातला. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कारमेन या तिघांनी हा एसजीओटी पहिल्यांदा गाजवला तो हार्ट अटॅकची खूण म्हणून! हृदयाच्या स्नायूतही तो भरपूर असतो. पुढे कित्येक वर्षं छातीत दुखणाऱ्याचं रक्त एसजीओटीसाठी जायचं. नंतर हृदयासाठी जास्त नेमक्या तपासण्या आल्या आणि हा गडी यकृताच्या पानावर येऊन बसला. पण त्याची जुनी सवय गेलेली नाही. तो हृदयातून, हातापायांच्या स्नायूंतून, तांबड्या पेशींतूनही येतो. एका मे महिन्यात तालुक्याच्या गावाहून एसटीने आलेल्या नमुन्यांच्या पेटीत बर्फ वितळून गेला होता. नळ्यांतल्या तांबड्या पेशी फुटून वरचं पिवळं पाणी गुलाबी झालं होतं. घाईत माझ्या हाताखालच्या मुलीने तेच चालवलं आणि सहा जणांचे एसजीओटी वाढलेले छापून गेले. दुसऱ्या दिवशी सहाही जणांना फोन करून पुन्हा रक्त घेतलं, पैसे अर्थातच घेतले नाहीत. तेव्हापासून नळी उजेडात धरून बघितल्याशिवाय ती मशीनवर चढवायची नाही हा आमच्याकडे कायदा आहे.

आता तुम्ही न पाठवलेल्या तिसऱ्या पानाकडे येते, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २४०. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.१. मधुमेह ६.५ ला धरतात, ५.७ पासून उंबरठा सुरू होतो. आणि वजन ८४, त्यात पॅन्ट चाळीसची असं तुम्ही फोनवर सांगितलंत. भारतीय पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या आत असावा. एसजीपीटी, ट्रायग्लिसराइड, साखर आणि पॅन्टचा नंबर हे चौघे वेगवेगळ्या पानांवर राहत असले तरी एकाच घरचे आहेत. सोनोग्राफी केलीत तर बहुधा 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' असं लिहून येईल. ते वाचून पुन्हा घाबरू नका. 'ग्रेड वन' हा शब्द चरबी किती दिसते ते सांगतो, यकृतावर वण पडलेत का ते सांगत नाही.

वण पडलेत का याचा पहिला अंदाज घरीही काढता येतो. त्यासाठी हिमोग्रामच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, पानावरच्या प्लेटलेट लागतात. यकृत वणांनी कडक झालं की त्यातून जाणारं रक्त तुंबतं, पाणथरी (प्लीहा) फुगते आणि प्लेटलेट अडवून ठेवते. म्हणून प्लेटलेट हळूहळू उतरत गेल्या तर कान टवकारायचे. हिशेब असा : वय गुणिले एसजीओटी, म्हणजे ४६ गुणिले ४१, १८८६. खाली प्लेटलेट हजारांत, तुमच्या २ लाख ४० हजार म्हणजे २४०, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, ६८ चं साधारण सव्वाआठ. ते झाले १९८०. भागाकार ०.९५. याला 'फिब-४' म्हणतात. तो १.३ च्या खाली असेल तर गंभीर वण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेला तर यकृततज्ज्ञ गाठायचा, मधे असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. पासष्टीपुढच्यांना १.३ ऐवजी २ धरतात. कॅल्क्युलेटर घेऊन बसा आणि सासूबाईंना दाखवा.

बाकी करायचं ते थोडक्यात सांगते. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेली असावी. या दोन्ही काविळी वर्षानुवर्षं गुपचूप राहतात, डोळे पिवळे होतीलच असं नाही. ती झाली नसेल तर करून घ्या. एरवी ह्यांचं औषध म्हणजे वजन. त्यातले सात ते दहा टक्के, म्हणजे सहा ते आठ किलो, सहा-आठ महिन्यांत उतरले तर चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. उपाशी राहून महिन्यात दहा किलो उतरवू नका, त्याने यकृत आणखी बिघडू शकतं. व्यापाऱ्याच्या गादीवर दिवसाला किती चहा होतात आणि प्रत्येकात किती चमचे साखर, ते एक आठवडा लिहून काढा. दुपारचा फरसाण आणि रात्री साडेदहाचं जेवण त्याच वहीत लिहा. बिनसाखरेची कॉफी चालेल.

हळदीने काही होत नाही. पिवळं खाल्ल्याने डोळे पिवळे होत नाहीत, आणि ह्यांना तर कावीळच नाही. तूरडाळ आजच सुरू करा, यकृताला प्रथिनं हवीतच. टॉनिकच्या बाटलीमागे साखर किती आहे ते वाचा, मग पुढचं मला सांगायला नको. गुळवेल मात्र बंद. हे वाक्य लिहिलं की मला रागावलेली पत्रं येतात, तरी लिहिते. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वनस्पती नेमकी तीच होती का असा त्यांचा सवाल होता. तो वाद त्यांचा त्यांना मिटवू दे. आपलं साधं गणित असं, की आकडा का वाढलाय हे शोधत असताना त्यात आणखी एक संशयित घालू नये.

एक शेवटचं, कारण यात लोक फार फसतात. आकडा उतरला म्हणजे बरं झालं असं दर वेळी नसतं. काही वर्षांपूर्वी तिशीतल्या एका रुग्णाचा एसजीपीटी २,४०० आला होता, दूषित पाण्याची कावीळ. गळ्यात काविळीची माळ बांधली होती. काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते, म्हणजे 'कावीळ उतरते'! आठवड्याभराने एसजीपीटी ३०० वर आला. भाऊ माझ्या काउंटरवर पेढ्यांचा पुडा घेऊन उभा. मी खालची ओळ बघितली : बिलिरुबिन ११ वरून १९, आणि आयएनआर तीनच्या वर, म्हणजे रक्त गोठायलाच तयार नाही. सांडायला पेशीच उरल्या नव्हत्या, म्हणून आकडा उतरला होता. तो पुडा तसाच ठेवून मी त्यांना ॲम्ब्युलन्स बोलवायला लावली. तो माणूस वाचला, पण दीड महिना मोठ्या शहरातल्या रुग्णालयात होता. तसंच सिरोसिसच्या, म्हणजे यकृत वणांनी कडक झालेल्या, रुग्णाचा एसजीपीटी ३० असू शकतो, अगदी बिनबाणाचा.

प्रश्न : मॅडम, मी २१ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतो. अकॅडमीत सकाळ-संध्याकाळ ग्राउंड असतं. ताप आला म्हणून रक्त तपासलं तर एसजीओटी २१०, एसजीपीटी ८८. सर म्हणतात लिव्हरवर परिणाम झालाय, मेडिकलमध्ये बाद होशील. – एक वाचक, जत

उत्तर : रक्त दिलंस त्याच्या आदल्या दिवशी काय केलं होतंस? तू पत्रात ते लिहिलेलं नाहीस, पण खाली 'गोळाफेक आणि दोनशे बैठका नव्याने सुरू केल्यात' एवढं आहे, ते मला पुरलं. वर सांगितलं तसं, एसजीओटी स्नायूंतूनही येतो, थोडा एसजीपीटीही येतो. सवय नसलेला जोरदार व्यायाम केला की पुढे आठवडाभर हे आकडे चढलेले राहू शकतात. तुझा गामा जीटी (हेही यकृताच्या पानावरचं एक विकर) २२ आणि बिलिरुबिन ०.७ आहे. गामा जीटी स्नायूंत जवळजवळ नसतोच, त्यामुळे तो शांत असणं ही चांगली साक्ष आहे. डॉक्टरांना सीपीके नावाची, स्नायूंतल्या विकराची तपासणी लिहून द्यायला सांग. ती हजारांत आली तर हे स्नायूंचंच काम. मग आठ-दहा दिवस ग्राउंड बंद ठेवून सगळं पुन्हा तपास. एसजीओटी आधी उतरेल, एसजीपीटी मागून. ताप कसला होता ते मात्र डॉक्टरांकडून नक्की करून घे, कारण डेंग्यूतही नेमका एसजीओटीच जास्त चढतो.

दोन गोष्टी सरांसमोर नको, स्वतःशी विचार. जिममधून कुणी 'बॉडी' बनवायचं इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्यात का? दिल्या असतील तर बंद कर आणि डॉक्टरांना खरं सांग. आणि मांड्या ठणकून लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना, त्यात मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे. अल्कलाइन फॉस्फेटेज ३४०. बाकी सगळं नॉर्मल. – एक आई, चिपळूण

उत्तर : उंची वाढतेय त्याची, दुसरं काय! हे विकर यकृताइतकंच हाडांतूनही येतं आणि वाढीच्या वयात मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट असतं. लॅबने मोठ्यांची मर्यादा छापली असणार, मुलांची वेगळी असते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतही ते वारेमुळे वाढतं. पण त्या दिवसांत तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज सुटली तर तो वेगळा विषय, लगेच डॉक्टरांना सांगायचं.

प्रश्न : वडिलांना टीबीच्या गोळ्या सुरू होऊन महिना झाला. एसजीपीटी ८८ आला. लघवी लाल-नारिंगी होते. शेजारचे म्हणतात गोळ्यांनी लिव्हर जातं, बंद करा. – एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. अर्धवट सोडलेला टीबी पुढे नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्हींनी यकृताला त्रास होऊ शकतो हे खरं, म्हणून डॉक्टरांचा एक ठरलेला नियम आहे : काही त्रास नसेल तर आकडा मर्यादेच्या पाचपट होईपर्यंत, म्हणजे ४० च्या हिशेबाने २०० पर्यंत, गोळ्या चालू ठेवून लक्ष ठेवायचं. मळमळ, उलट्या, जेवणावरची वासना जाणं, उजव्या बरगडीखाली दुखणं असं काही असेल तर तिप्पट, म्हणजे १२० लाच थांबवायचं. थांबवायचं तेही डॉक्टरांनी. नंतर ते एकेक औषध परत सुरू करतात. ८८ यातल्या कशातच बसत नाही. वडिलांना जेवण जातंय का, एवढं मात्र विचारा, आणि पुढची तपासणी कधी करायची ते केंद्रातून लिहून आणा. ते रोज थोडी दारू घेत असतील तर ती पूर्ण बंद.

नारिंगी लघवी रिफाम्पिसिनची, गोळी घेतल्यावर काही तास रंग गडद दिसतो, घाम आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा रंगतं. त्यामुळे तुमच्या घरी लघवीच्या रंगावरून कावीळ ओळखता येणार नाही. डोळे बघा. सकाळी वडिलांना अंगणात उभं करा, खाली बघायला सांगा, वरची पापणी अंगठ्याने उचला आणि पांढऱ्या भागाचा रंग बघा. घरातल्या पिवळ्या बल्बखाली नको.